हबीबचाचांकडं ठेवलंय

केजला आमच्या गल्लीत हबीबचाचांच्या घराला दार नव्हतं. म्हणजे दार होतं, चांगलं सागवानी, पितळी कडीचं, पण ते घराच्या आत भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बाहेर चौकटीला नुसतं गोणपाट लटकायचं. थंडीच्या दिवसांत त्यातून वारं आत शिरायचं, वाऱ्याच्या पाठोपाठ गल्लीतली कुत्री शिरायची, आणि बिल्कीसचाची हातात झाडू घेऊन दोघांनाही बाहेर हाकलत असायच्या. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून. मी तहसीलला कारकून. समोर घडणाऱ्या गोष्टीत आपण होऊन लक्ष घालायचं नाही, एवढं तरी नोकरीनं मला शिकवलेलं. तरी एकदा राहवलं नाही म्हणून विचारलं, "चाचा, घरात एवढं चांगलं दार असताना गोणपाट कशाला?"

"ते दार मारुतीचं हाय, भाऊसाहेब. त्यो उसाला गेलाय."

"मग?"

"मंग काय? त्याचं दार मी कसं लावू?"

मारुती जवळच्याच वाडीचा. दिवाळीच्या सुमाराला बायकोपोरांना घेऊन ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यात परत यायचा. जाताना त्यानं स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढून चाचांकडं आणून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की कुलूप दिसलं म्हणजे चोराला कळतं, आत काहीतरी आहे. दारच नसलं तर तो समजतो, घर पडीक आहे. ह्या युक्तीवर मी पुष्कळ विचार केला, पण तिच्यातली चूक काही मला सापडली नाही. फक्त झालं असं, की दार एक आणि बिनदाराची घरं दोन. चाचांचं स्वतःचं दार वाळवीनं खाल्लं होतं. नवं करायचं म्हणत होते, आणि चाचा म्हणत आहेत म्हणजे अजून त्यांनी शब्द दिलेला नाही, एवढं आम्हांला कळायचं.

हबीबचाचा गादीवाले. उंच, वाळका देह, दाढीला मेंदी, आणि अंगावर बारा महिने कापसाची लव. सलाम करायला हात वर केला की थोडा कापूस उडायचा. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तिथं गाद्या भरायच्या, उशा भरायच्या, आणि हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तू भरायच्या. कुणाची पत्र्याची पेटी, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या शेळ्या, एका बँडवाल्याचा ढोल. एकानं तर वारलेल्या सासऱ्याचा फ्रेम केलेला फोटो आणून ठेवला होता. घरी ठेवला तर धूळ खाईल म्हणून. बिल्कीसचाची तो फोटो रोज पुसायच्या आणि पुसताना डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, परका माणूस आहे म्हणून.

एका वर्षी कुणाचा तरी नवा कोरा टीव्ही आला. त्याच सुमाराला क्रिकेटचे सामने चालू झाले. गल्लीतल्या पोरांनी फार गळ घातली, की चाचा, नुसता लावा, आम्ही लांबून बघतो, टीव्हीला काय कळतंय? चाचांनी टीव्हीचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं. बंद टीव्हीकडंसुद्धा तोंड करून बसायला त्यांना अवघड वाटायचं.

ह्या सगळ्याचं ते भाडं घेत नसत. "भाडं घेतलं की गोडाऊन झालं," म्हणायचे. "ही अमानत हाय."

शब्द देण्याच्या बाबतीत तर हा माणूस धंद्याला अगदी नालायक होता. आमच्याकडं शिंपी काय, सुतार काय, कुणालाही विचारा, तो हसून "उद्या या" म्हणतो. त्याला माहीत असतं उद्या होणार नाही, आपल्यालाही माहीत असतं, आणि दोघंही समाधानानं घरी जातात. चाचांना कुणी विचारलं, "शुक्रवारी गादी मिळेल का?" तर ते सुई खाली ठेवायचे, छताकडं बघायचे आणि पार विचारात बुडून जायचे.

"कापूस हाय. दोरा हाय. हात बी हायत. पर शुक्रवारी मी असंन का, ते ठाऊक न्हाई. इन्शाअल्ला म्हणतो. शब्द देत न्हाई."

गिऱ्हाईक घाबरून शेजारच्या दुकानात जायचं.

आणि एकदा शब्द दिला की मात्र कठीण. एका किराणावाल्याच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडासाठी गाद्या सांगितल्या होत्या. चाचांनी बरीच हुज्जत घालून, सगळा हिशेब मनाशी लावून शब्द दिला, की सकाळी नवाला गाद्या मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी लग्न मोडलं. नवरदेवाकडच्यांनी काहीतरी खुसपट काढलं आणि आले तसे परत गेले. सगळ्या केजात बोभाटा झाला. आणि सकाळी नवाला हबीबचाचा हातगाडा ढकलत कार्यालयात हजर. रखवालदाराकडून दार उघडून घेतलं, ओळीनं गाद्या अंथरल्या, प्रत्येक गादीला उशी लावली, आणि त्या रिकाम्या मांडवात एकटे बसून राहिले. किराणावाला धावत आला. चेहरा काळवंडलेला.

"चाचा, लग्न मोडलं हो!"

"कळलं मला. लई वाईट झालं," चाचा म्हणाले. "पर मोडलं ते लगीन. शब्द माझा व्हता."

तो माणूस आदल्या दिवसापासून लोकांसमोर ताठ मानेनं वावरत होता. तो तिथंच गादीवर बसला आणि हमसून हमसून रडला. मग तिथंच झोपी गेला. चाचा संध्याकाळपर्यंत त्याच्या उशाशी बसले होते. गाद्या घेऊन जायचा शब्द त्यांनी संध्याकाळचा दिला होता.

मी चेष्टा करायचो. म्हणायचो, चाचा, देव एवढा बारीक हिशेब ठेवत नसेल. त्यावर एकदा त्यांनी मला हिजरतीची, म्हणजे पैगंबरांनी मक्का सोडली त्याची, गोष्ट सांगितली. "मक्केची माणसं हुजूरांच्या जिवावर उठलती. घराला वेढा घालून बसलती, मारायला. आन् त्याच माणसांच्या ठेवी कुणाच्या घरात? हुजूरांच्याच! मारायचं हाय, पर वस्तू ठेवायला दुसरा माणूस भरवशाचा न्हाई. मंग हुजूर गाव सोडून निघाले, तवा चुलतभाऊ अलींला मागं ठिवलं. कावून? ज्याची ठेव त्याला परत द्यायला. वैऱ्याची बी." एवढं बोलून ते सुईत दोरा ओवायला लागले. मी पुढं चेष्टा केली नाही. चौदाशे वर्षांपूर्वीची ती माणसं मला एकदम आमच्या तालुक्यातलीच वाटली, भांडण एकीकडं आणि ठेव एकीकडं.

पण अमानत म्हणजे नुसत्या वस्तू नव्हेत, अशी चाचांची समजूत होती. खासगीत सांगितलेली गोष्टही अमानत. आता गादीवाल्याकडं माणूस येतो, गादी भरेपर्यंत बसतो, आणि बसला की बोलतो. बांधावरून भांडणारे दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला डाव चाचांना सांगून जायचे. सुना सासवांचं सांगायच्या, सासवा सुनांचं. कुणाचं काय ते चाचा मेले तरी बोलणार नाहीत, अशी सगळ्यांना खात्री. ओझं इतकं वाढलं की चाचांनी लग्नाकार्यात बोलणंच बंद केलं. न जाणो, तोंडातून काही निसटलं तर? शेवटी त्यांनी उपाय काढला. कानात कापसाचे बोळे घालून काम करायला लागले. कापसाला तोटा नव्हताच. गिऱ्हाइकानं आल्यावर बोटानं मापं दाखवायची, चाचांनी मान हलवायची. तरी लोक समोर बसून बोलायचेच. ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर तर जास्तच मोकळेपणानं बोलायचे.

ह्या सगळ्यांत कमलबाईचं प्रकरण निराळं. कमलबाई मारुतीच्याच वाडीची, कोयता चालवणारी, आवाज असा की गल्लीच्या टोकापासून कळावं. तिची मुलगी रेखा केजला शाळेत होती. आईबाप उसाला गेले की ती चुलत्याकडं राहायची. चुलता मुलीचं लग्न उरकून टाकायच्या मागं लागलेला. तिकडं तोडीवर कमलबाईचा जीव टांगणीला. एका वर्षी जाताना ती चाचांकडं आली, दोन शेळ्या बांधल्या आणि म्हणाली, "चाचा, पोरगी रोज साळंत जाती का, तेवढं बघा. शब्द द्या."

चाचांनी बराच वेळ छताकडं बघितलं आणि शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून ते शाळेच्या फाटकासमोर स्टूल टाकून बसायला लागले. रेखा आत गेली की बघायचे, आणि तिथंच बसायचे. मेंदीची दाढी, कापसानं भरलेला म्हातारा रोज शाळेसमोर बसलाय, म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी पोलिसाला सांगितलं. हवालदार आला. "काय चाचा, इथं काय काम?"

"शब्द दिलाय. ती पोरगी साळंत जाती का बघायचा."

"गेली ना? मग जा आता घरी."

"आत गेलेली बघितली. दिसभर आत हाय का, ते कसं कळणार?"

हवालदारानं डोकं खाजवलं, आणि त्या दिवशी तोही तिथंच थोडा वेळ बसला. पुढं पुढं दोघं मिळून चहा प्यायचे.

मग एके दिवशी चुलता मुलीला न्यायला आला. घरी पाहुणे बघायला यायचे होते. चाचांनी शाळा सुटेपर्यंत तिला बाहेर येऊ दिलं नाही आणि शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर स्वतःही गेले. बैठकीत पाहुण्यांच्या मधोमध जाऊन बसले. पाहुणे म्हणाले, मुलीला बोलवा. चाचा म्हणाले, "पोरीची आई आल्याबगर पोरगी दिसणार न्हाई. तवर मला बघा."

पाहुण्यांनी त्यांना बघितलं. चाचांनी मुलाला विचारलं, शिक्षण किती, दारू पितोस का, पितोस तर कितीची पितोस, आणि उत्तरं पुन्हा मोठ्यानं सगळ्यांना सांगितली. पाहुणे पोहे न खाताच उठले. त्या वर्षी रेखा दहावी पास झाली. पुढं बीडला नर्सिंगला गेली.

तिच्या निकालानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. कमलबाईची टोळी सकाळीच निघाली होती. चाचा आणि चाची कुठंसं गेले होते. परत येऊन बघतात तर चौकटीला, गोणपाटाच्या बाजूला, साडीच्या काठानं बांधलेली एक कोंबडी. काठ कमलबाईच्या साडीचा, हे चाचींनी लगेच ओळखलं. चाचांनी कोंबडी आत घेतली. दारात काही बांधलेलं दिसलं म्हणजे ते ठेवायला दिलेलं, ह्याखेरीज दुसरा अर्थ त्या घरात कुणाला सुचण्याचं कारणच नव्हतं.

कोंबडीनं अंडी दिली. अंडी कुणाची? जिची कोंबडी तिची. खाता येत नाहीत. विकून पैसे ठेवले तरी चालेल, असं मशिदीतल्या मौलानांनी सांगितलं. चाचा म्हणाले, "ठिवलं एक आन् परत दिलं दुसरं, असं कसं?" मग अंडी उबवली. पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. मी वैतागून विचारलं, कुणाच्या आहेत ह्या? चाचा सांगेनात. गुपचूप बांधून गेलेल्याचं नाव, हीसुद्धा अमानत. भिंतीपलीकडं पहाटेपासून कोंबडे आरवायला लागले. माझ्या घरातलं कुणी उठायच्या आत माझी झोप उडायची. बिल्कीसचाची माझ्या बायकोजवळ येऊन रडायच्या, "घरभर मुर्गियां, आन् ताटात रोज वांगं!"

आणि खरा कळस म्हणजे कमलबाई दर उन्हाळ्यात येत होती! शेळ्या सोडून न्यायची, चहा प्यायची, अंगणात बघून म्हणायची, "चाचा, लई कोंबड्या झाल्या की!"

"अल्लाची मेहेरबानी," चाचा म्हणायचे.

आणि विषय संपायचा. ठेवणाऱ्याला ठेवीची आठवण करून द्यायची नाही, असा चाचांचा नेम होता. आठवण केली की त्याला वाटणार, आपली वस्तू ह्यांना जड झाली. कमलबाईला वाटत होतं, चाचांनी कोंबडीपालन सुरू केलंय, चांगलं आहे.

मग चाचांच्या छातीत दुखायला लागलं. बीडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, संभाजीनगरला न्या, ऑपरेशन करावं लागेल, दिवस घालवू नका. चाचा म्हणाले, "आदी सगळ्यांचं सगळं परत. मंग ऑपरेशन."

डॉक्टर म्हणाले, "अहो, काय परत?"

"लोकांच्या अमानती. मला बेसुद करणार ना तुमी? उठलो न्हाई तर? कुणाचं काय, कोण सांगणार?"

हंगाम भर जोरात. घर काठोकाठ भरलेलं, आणि वस्तूंचे मालक सगळे सांगलीकडं उसाच्या फडात. मी समजावलं, चाची रडल्या, मौलानांनीही सांगितलं, की जीव ही अल्लाची सगळ्यांत मोठी अमानत आहे. चाचांनी तेही ऐकून घेतलं आणि पुतण्याला पिकअप ठरवायला पाठवलं. शेवटी चाचींच्या सांगण्यावरून मी रजा टाकली आणि बरोबर गेलो. पुढं ड्रायव्हरशेजारी चाचा छातीवर हात ठेवून. मागं मी, चाची, पेट्या, ढोल, टीव्ही, शेळ्या, सासऱ्याचा फोटो, मारुतीचं दार, आणि डालग्यांत त्या कोंबड्या. वाटेत एका नाक्यावर पोलिसानं थांबवलं. पुढच्या सीटवर आजारी माणूस, मागं दार, असं बघून त्यानं हळूच विचारलं, "घर पडलं का?" मी हो म्हणालो. सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

तोडकऱ्यांच्या तळावर उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या. संध्याकाळी माणसं फडातून परतत होती. चाचा एकेकाला हाक मारून ज्याची वस्तू त्याच्या हातात देत होते. मारुती तर दार हातात घेऊन उभाच राहिला.

"चाचा, हितं कोपीला मी दार कुठं लावू?"

"ते मला ठाऊक न्हाई. हे घे."

मारुतीनं दार कोपीला टेकवलं. पाचटाची भिंत थोडी आत गेली. पुढं कळलं, की उरलेला हंगाम तळावरची सगळी माणसं त्याच्याकडं कडी वाजवून जात होती.

बँडवाल्यानं ढोल वाजवून बघितला. सासऱ्याचा फोटो बघून त्या जावयाची बायको, म्हणजे त्या फोटोतल्या माणसाची मुलगी, तळावरच गळा काढून रडली. शेवटी राहिल्या कोंबड्या. चाचांनी कमलबाईला बोलावलं.

"कमल, ही तुझी अमानत. मोजून घे. एक मुंगसानं नेली, तिची भरपाई मी करीन."

कमलबाईनं डालग्यांकडं बघितलं. "कसली अमानत?"

"तू माझ्या दारात कोंबडी बांधून गेलती न्हवं?"

"आवो चाचा!" कमलबाईचा आवाज सगळ्या तळाला ऐकू गेला. "ती तुमाला खायाला दिलती! रेखा पास झाली म्हून! निघायची घाई, तुमी घरात न्हाई, म्हून दाराला बांधून आले. तुमी खाल्ली न्हाई?"

 मग बिल्कीसचाची मटकन खाली बसल्या. त्या हसत आहेत का रडत आहेत, ते कळेना. "तीन साल!" एवढंच म्हणत होत्या. "तीन साल मी वांगं खाल्लं!"

चाचांनी हळूच विचारलं, "मंग एवढे दिस मी कुणाची राखण केली?"

"तुमचीच!" कमलबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी तळावर कोंबड्या शिजल्या. चाचांनीच हलाल केल्या. चाचींनी पोटभर खाल्लं, पुन्हा वाढून घेऊन खाल्लं. चाचा मात्र हातात तुकडा घेऊन बसून राहिले. तोंडाशी न्यायचे आणि थांबायचे. कमलबाई समोर बसून "खावा, तुमचंच हाय" म्हणून सांगत होती. शेवटी त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळे पुसले. आयुष्यभर ते लोकांच्या वस्तू सांभाळत आले. आपली स्वतःची वस्तू समोर आली तर हा माणूस बावरून गेला, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

जेवताना ऑपरेशनचा विषय निघाला, आणि कमलबाईला ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या शिव्या खाऊन ती आमच्याबरोबर पिकअपमध्ये बसली.

दवाखान्यात ऑपरेशनला न्यायच्या वेळी चाचा भलतेच निवांत दिसत होते. इतके निवांत, की चाचींना ते आवडलं नाही. मलाही नाही. डोक्यावर कुणाचं काही राहिलं नाही, आता बोलावणं आलं तरी हरकत नाही, असा तो चेहरा होता. "भाऊसाहेब, लई हलकं वाटतंय," म्हणाले. कमलबाई ते बघत होती. ट्रॉली दारापाशी गेली तेवढ्यात ती पुढं धावली, नर्सला बाजूला सारलं आणि चाचांच्या कानाला लागून काहीतरी बोलली. मग मोठ्यानं म्हणाली, "अमानत हाय, चाचा. कुणाला सांगू नका. भायेर आल्यावर मलाच परत करा!"

चाचा ताडकन उठून बसायला लागले. "ए बाई! आत्ताच कावून? आदी घे ती परत!" नर्सनं त्यांना खाली दाबलं. ट्रॉली आत गेली. दार बंद होईपर्यंत ते ओरडत होते.

कमलबाई चाचींच्या शेजारी येऊन बसली. "आता बघू कसं येत न्हाईत ते," म्हणाली, आणि त्या बंद दाराकडं तोंड करून बसून राहिली.

चाचा आले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "कमल कुठाय?" पण कमलबाई तोवर तोडीवर परतली होती. आणि तिथून पुढं ती अमानत चाचांच्या गळ्यात पडली ती पडलीच. कमलबाई ती परतच घेईना. उन्हाळ्यात चाचा वाडीला गेले, तर म्हणाली, आता घर सारवतेय. पोळ्याला गेले, तर म्हणाली, बैलांचं बघू द्या. एकदा तर चाचा बोलायला लागले तशी तिनं कानांत बोटं घातली. चाचा मौलानांकडं गेले, की मालक ठेव परत घेत नसेल तर काय करायचं? मौलाना म्हणाले, असा सवाल कुणी आजवर विचारला नाही. कोंबडी कुणाची हे तीन वर्षं न सांगणारा हा माणूस, पण कमलबाईचं नाव उघडपणे घ्यायचा, इतका वैतागला होता. "तिचं माझ्याकडं अडकलंय," ज्याला त्याला सांगायचे. आणि ते परत करायचं म्हणून वेळेवर गोळ्या घ्यायचे, पथ्य पाळायचे, जिना जपून चढायचे.

चाचा माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते गेल्या दिवाळीनंतरचे. टोळ्या निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून कमलबाई वर बसलेली, आणि चाचा पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून ट्रॅक्टरच्या पाठीमागं. टोपी एका हातानं धरलेली.

"कमल! घेऊन जा तुझं! माझा भरवसा न्हाई आता!"

"आल्यावर घेते, चाचा! उन्हाळ्यात!"

"उन्हाळ्याचा शब्द देत न्हाई मी!"

"मी कुठं मागतेय?" असं म्हणून ती हसली, आणि ट्रॅक्टर हायवेला लागला.

थंडीतच चाचा गेले. दुपारी गादीला टाके घालता घालता.

कब्रस्तानाजवळच्या मैदानावर नमाजे-जनाजाला सगळी गल्ली होती. आम्ही हिंदू शेजारी जरा मागं उभे होतो. नमाजाआधी मौलानांनी रीतीप्रमाणं विचारलं, "मरहूमकडं कुणाची अमानत राहिली असेल, कुणाचं काही देणं असेल, तर आत्ता सांगावं. नाहीतर अल्लाच्या नावानं माफ करावं."

एरवी इथं कुणी बोलत नाही. पण सगळी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ऑपरेशनपासून चाचांनी नवी ठेव घेतली नव्हती, पण एक राहिली होती, आणि ती कुणाची हे साऱ्या केजाला माहीत होतं. पुतण्यानं मौलानांच्या कानात सांगितलं. मौलाना म्हणाले, "विचारा."

पुतण्यानं फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा केला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. चाचा गेल्याचं तिला सकाळीच कळवलं होतं. मौलानांनी सांगितलं, "बाई, तुमची अमानत मय्यतकडं राहिली. माफ करता का?"

"न्हाई," कमलबाई म्हणाली.



"न्हाई करत माफ. माझी मला द्या म्हणावं. मी निघाले हितून. थांबा म्हणावं त्यांला."

"बाई, मय्यत थांबत नाही," मौलाना हळूच म्हणाले.

पलीकडं ट्रॅक्टर बंद झाला असावा. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पुतण्यानं फोन तसाच धरून ठेवला.

"मंग मिळाली म्हणा," ती म्हणाली. "हबीबचाचांनी माझी मला परत दिली, असं सांगा सगळ्यांला. मी म्हणते म्हून सांगा."

मौलानांनी तसं सांगितलं. ते खरं नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नमाजाच्या रांगा, सफा, सरळ झाल्या. नमाज झाल्यावर खांदा द्यायला गर्दी झाली, तिच्यात मीही शिरलो.